पडद्यावरचा रंग कागदावर उतरवताना : कोरलड्रॉमधून छपाईचे काम करणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शन

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेले हँडबिल पडद्यावर उठून दिसते, पण छापखान्यातून गठ्ठा हातात येतो तेव्हा निळ्याचा जांभळा झालेला असतो, पोपटी मळकट दिसतो, चेहरे लालबुंद आलेले असतात आणि बारीक अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळी सावली दिसते. अशा वेळी नव्याने काम शिकणारे बहुतेक जण सर्वांत आधी रंगच बदलू लागतात. निळ्यातला मॅजेंटा (गुलाबी-लाल शाई) कमी केला जातो, फोटो उजळवला जातो, आणि पुढच्या वेळी यंत्र किंवा कागद बदलला की तेच काम दुसऱ्या बाजूने बिघडते. रंगाला हात लावण्यापूर्वी दोष नेमका कुठे शिरला हे शोधणे ही या कामातली पहिली शिस्त आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणे कोरलड्रॉची घेतली आहेत, कारण महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके आणि फ्लेक्स यांचे बरेचसे काम त्यातच होते. आवृत्तीनुसार मेनूतील जागा थोडी बदलते. सेटिंगचा अर्थ मात्र तोच राहतो.

दोष कुठे शिरला ते आधी ठरवा

दोष शिरण्याच्या जागा तीनच आहेत : मूळ फाइल, तिच्यातून काढलेली पीडीएफ आणि छापणारे यंत्र. तयार पीडीएफ शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि ४०० टक्के मोठी करून पाहावी. फोटो तिथेच फुटलेला दिसत असेल किंवा अक्षर तुटलेले असेल, तर दोष छापखान्याचा नाही. त्यानंतर हीच जागा कोरलड्रॉच्या मूळ फाइलमध्ये पाहावी. तिथे ती स्वच्छ असेल तर पीडीएफ काढताना निवडलेल्या सेटिंगमध्ये गडबड आहे, आणि तिथेही खराब असेल तर मूळ चित्रच कमी प्रतीचे आहे. पीडीएफ पूर्ण स्वच्छ आहे, त्यातील रंगांचे आकडे ठरवल्याप्रमाणे आहेत आणि तरीही छापील कागद बिघडलेला आहे, असे आढळले तरच यंत्र, शाई आणि कागद यांच्याकडे वळावे. या तपासणीला फारसा वेळ लागत नाही, आणि ती न करता छापखान्याशी वाद घातला तर दोघांचाही दिवस वाया जातो.

काम सुरू करण्यापूर्वी छापखान्याला विचारायच्या गोष्टी

नवी फाइल उघडण्याआधी छपाई ऑफसेटवर (प्लेटा बनवून) होणार की डिजिटल यंत्रावर, कागद आर्ट पेपर आहे की मॅपलिथो, त्याचे वजन किती जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आहे, ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) किती हवे, आणि फाइल पीडीएफमध्ये हवी की कर्व्ह केलेल्या (अक्षरांचे आकारांत रूपांतर केलेल्या) सीडीआरमध्ये, म्हणजे कोरलड्रॉच्याच फाइलमध्ये, हे विचारून लिहून ठेवावे. कागदाचा प्रश्न यात सर्वांत महत्त्वाचा आहे. आर्ट पेपरवर लेप असल्यामुळे शाई वर राहते आणि ज्या बारीक ठिपक्यांनी चित्र छापले जाते तो ठिपका नेटका उमटतो; मॅपलिथोवर शाई आत शोषली जाते, ठिपका पसरतो आणि फोटोतील मधल्या छटा गडद होतात. त्यामुळे १३० जीएसएम आर्ट पेपरसाठी केलेली फाइल तशीच मॅपलिथोवर छापली तर चेहरे काळवंडतात, आणि त्यात फाइल करणाऱ्याने कोणताही रंग चुकवलेला नसतो. छापखाना विशिष्ट रंग-प्रोफाइल (त्या छपाईत रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल) वापरत असेल तर तिचे नाव मागून घ्यावे. तसे काही वापरात नसेल, तर लेप असलेल्या कागदासाठी फोग्रा ३९ आणि लेप नसलेल्या कागदासाठी फोग्रा २९ किंवा ४७ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेल्या प्रोफाइल धरून चालणे बरे पडते.

नवी फाइल आणि रंगांची मांडणी

नवी फाइल उघडताना येणाऱ्या खिडकीत प्रायमरी कलर मोड सीएमवायके (सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाई) निवडावा आणि रेंडरिंग रिझोल्यूशन ३०० ठेवावे. ही दुसरी नोंद अनेकांच्या नजरेतून सुटते. सावली, पारदर्शकता, धूसर कडा असे परिणाम छपाईसाठी चित्ररूपात बदलले जातात आणि ते किती बारकाईने बदलायचे हे याच आकड्यावर ठरते. तो ७२ किंवा ९६ राहिला असेल तर अक्षरे स्वच्छ येतात आणि त्यांच्याखालची सावली मात्र चौकड्या-चौकड्यांची दिसते. पानाचा आकार कापल्यानंतरचा, म्हणजे ए-५ हँडबिलासाठी १४८ × २१० मिलिमीटर ठेवावा, आणि पार्श्वभूमीचा रंग वा फोटो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यावा. महत्त्वाचा मजकूर कापण्याच्या रेषेपासून आत निदान ५ मिलिमीटर असावा, कारण गठ्ठा कापताना पाते किंचित सरकतेच.

त्यानंतर टूल्स मेनूतील कलर मॅनेजमेंट उघडावे. नव्या आवृत्त्यांत ते ऑप्शन्सच्या खिडकीतही सापडते. तिथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांत गोंधळ होतो. डिफॉल्ट सेटिंग्जमधील बदल यापुढे उघडल्या जाणाऱ्या नव्या फाइलना लागू होतो. समोर उघडी असलेली फाइल बदलायची असेल तर डॉक्युमेंट सेटिंग्जमध्ये जावे लागते. जुनी फाइल उघडून डिफॉल्ट बदलला आणि रंगात काहीच फरक पडला नाही, अशी तक्रार याच कारणाने येते. अनेक संगणकांवर सीएमवायके प्रोफाइल म्हणून स्वॉप बसवलेली असते. ती अमेरिकेतील रीळ-कागदावरच्या मासिक छपाईसाठी बनवलेली आहे, आपल्या सुट्या कागदाच्या ऑफसेटसाठी नव्हे. छापखान्याने सांगितलेली प्रोफाइल इथेच निवडावी. रेंडरिंग इंटेंट (छापता न येणारे रंग कसे बसवायचे) या नोंदीत ठोक, म्हणजे एकसलग रंगांच्या चिन्हांसाठी आणि सर्वसाधारण कामासाठी रिलेटिव्ह कलरीमेट्रिक, आणि भडक रंगांचे फोटो जास्त असतील तर परसेप्चुअल ठेवावा.

एवढे झाल्यावर व्ह्यू मेनूतील प्रूफ कलर्स चालू करावे. पडदा एकदम फिका पडलेला दिसेल. तो बिघडलेला नसतो. छापल्यावर काय मिळणार याचा तो जवळचा अंदाज असतो. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा तो याच अवस्थेत दाखवावा, असा माझा आग्रह आहे, कारण झळझळीत पडद्यावर मंजूर झालेला रंग नंतर कागदावर देता येत नाही. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवलेला नसावा, रात्रीसाठीची पिवळी छटा बंद असावी आणि पडद्याचा रंगताप ६५०० केल्विनच्या आसपास असावा. छापील नमुना तपासण्यासाठी मानक उजेड ५००० केल्विनचा मानला जातो. तशी सोय नसेल तर पिवळ्या दिव्याखाली निर्णय न घेता दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, खिडकीजवळ नमुना पाहावा.

फोटो

चित्र निवडल्यावर खालच्या पट्टीत त्याचा रंगप्रकार आणि डीपीआय (इंचामागे चित्राचे बिंदू) दिसतो. हा आकडा चित्राच्या आताच्या मापाला धरून असतो, म्हणून चित्र मोठे केले की तो उतरतो. ऑफसेटच्या जाळीचे, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांच्या ओळींचे, माप इंचाला १५० ओळी असते तेव्हा चित्र सुमारे दुप्पट, म्हणजे ३०० डीपीआयचे असावे. वर्तमानपत्राच्या ८५ ते १०० ओळींच्या जाळीला २०० पुरते. ब्लीडसह ए-५ पान भरून फोटो हवा असेल तर तो साधारण १८२० × २५५० पिक्सेलचा लागतो. याउलट १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने छापला तर साडेतेरा सेंटिमीटरच भरतो, आणि त्यातला एकच चेहरा कापून घेतला तर आणखी लहान. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते. गिऱ्हाइकाला तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. ७२ डीपीआयचे चित्र रिसॅम्पल करून ३०० केले तर आकडा बदलतो, तपशील येत नाही.

जुन्या स्मरणिकेतला किंवा वर्तमानपत्रातला फोटो स्कॅन करून वापरायचा असतो तेव्हा वेगळाच दोष येतो. त्या फोटोत आधीच छपाईची जाळी असते. तिच्यावर नवी जाळी पडली की लाटालाटांची नक्षी उमटते. स्कॅनरमधील डिस्क्रीन ही सोय चालू करून, गरजेपेक्षा दुप्पट रिझोल्यूशनवर स्कॅन करावे आणि मग आकार कमी करावा. मूळ छायाचित्र मिळत असेल तर तेच मागणे केव्हाही चांगले.

आरजीबी (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातल्या) फोटोचे सीएमवायकेमध्ये रूपांतर शक्यतो फोटोशॉपमध्ये, छापखान्याच्या प्रोफाइलवर कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरून करावे. असाइन प्रोफाइल हे वेगळे काम आहे. त्याने आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून चित्राचा रंग एकदम उडी मारतो. रूपांतरानंतर दोन गोष्टी आकड्यांत तपासाव्यात. पहिली म्हणजे चेहऱ्याचा रंग : गालाच्या उजळ भागावर पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन या दोघांपेक्षा बराच कमी असला की आपल्याकडची त्वचा नैसर्गिक दिसते, मॅजेंटा पिवळ्याच्या पुढे गेला की चेहरा लालबुंद होतो, आणि सायन फार वाढला की काळसर. दुसरी म्हणजे एकूण शाई. सर्वांत गडद जागी चारही रंगांची बेरीज करावी. आर्ट पेपरवर ती ३०० टक्क्यांच्या आसपास आणि वर्तमानपत्री कागदावर २४० च्या आत राहावी. बेरीज यापुढे गेली तर शाई वेळेत सुकत नाही आणि एका कागदाची शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. गठ्ठ्यातील कागदांच्या मागे धूसर डाग दिसत असतील तर संशय आधी इथे घ्यावा.

जे रंग चार शाईत बसत नाहीत

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. पडद्यावरचे काही रंग चार शाईंच्या मिश्रणातून तयारच होऊ शकत नाहीत, आणि ते नेमके आपल्या समारंभांतले लाडके रंग असतात. झगमगता पोपटी, राणी, गडद शाई-निळा आणि भडक नारिंगी हे त्यांतले ठळक. यांना कितीही ओढले तरी कागदावर पडद्याइतके झळकत नाहीत, म्हणून प्रयत्न जवळात जवळचा स्वच्छ रंग मिळवण्याचा असावा, आणि स्वच्छतेचा नियम सोपा आहे : रंग जितक्या कमी शाईंत बनेल तितका तो ताजा दिसतो.

निळा जांभळा होण्याची तक्रार सर्वांत जास्त येते. सायन १०० आणि मॅजेंटा १०० घेतले की पडद्यावर निळा दिसणारा रंग कागदावर जांभळाच येतो. दोन्हींमध्ये निदान ३० टक्क्यांचे अंतर ठेवावे. सायन १०० आणि मॅजेंटा ६० ते ७० ही जोडी निळी राहते. भगव्यासाठी मॅजेंटा ६० ते ७० आणि पिवळा १०० पुरेसे आहेत, आणि त्यात सायन वा काळ्याची एक रेघही मिसळू नये, नाहीतर तो विटकरी होतो. कुंकवाचा लाल मॅजेंटा १०० आणि पिवळा १०० इतकाच असतो. तो खोल हवा असेल तर काळ्याची थोडी भर घालावी. राणी रंगासाठी मॅजेंटा १०० एकटा ठेवून पाहावा. पोपटीसाठी पिवळा १०० आणि सायन ४० ते ५० घ्यावा आणि मॅजेंटा पूर्ण शून्य करावा, कारण आरजीबीतून रूपांतर झालेल्या पोपटीत मॅजेंटाचे दोन-चार टक्के हमखास शिरलेले असतात आणि तेच त्याला मळवतात. मोरपंखी मात्र सायन ठळक आणि पिवळा मध्यम ठेवला की छान उतरतो. राखाडी रंग तीन रंगांच्या मिश्रणातून न घेता एकट्या काळ्याच्या टक्क्यांतून घ्यावा. यंत्रावर एखादी शाई किंचित वाढली तरी त्यात हिरवट वा गुलाबी झाक येत नाही.

सोनेरी आणि चंदेरी यांबद्दल गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगावे. चार शाईंतून येतो तो पिवळट-तपकिरी रंग. चमक येत नाही. लग्नपत्रिकेवर खरा सोनेरी हवा असेल तर फॉइल (धातूसारखा चमकणारा थर) करावे लागते, आणि त्यासाठी फॉइलचा भाग वेगळ्या पानावर, त्याच जागी, एकट्या काळ्या १०० मध्ये द्यावा लागतो. स्पॉट यूव्हीसाठीही (ठरावीक जागीच दिलेल्या चकचकीत लेपासाठी) हीच पद्धत आहे.

या साऱ्यावर एक उपाय मी प्रत्येक नव्या डिझायनरला सुचवतो. नेहमी लागणाऱ्या रंगांच्या लहान चौकटी, प्रत्येकीखाली तिचे चार आकडे लिहून, एका पट्टीत मांडाव्यात आणि छापखान्याशी बोलून एखाद्या फोरकलर कामाच्या मोकळ्या कडेला ती पट्टी छापून घ्यावी. एक आर्ट पेपरवर आणि एक मॅपलिथोवर अशा दोन पट्ट्या टेबलाजवळ लावून ठेवल्या की रंग पडद्यावरून ठरवण्याची गरजच उरत नाही. पट्टीवरचा रंग पाहायचा आणि खालचे आकडे टाकायचे. कितीही महागडा पडदा त्या यंत्राची, त्या शाईची आणि त्या कागदाची अशी साक्ष देऊ शकत नाही.

काळा रंग

काळ्यात तीन वेगळे रंग लपलेले असतात आणि पडद्यावर ते सारखेच दिसतात. पहिला एकट्या काळ्या शाईचा १०० टक्के काळा. मजकुरासाठी हाच हवा. दुसरा चार शाईंचा काळा. वर्डमधून किंवा इंटरनेटवरून आणलेला मजकूर आरजीबी काळ्यात असतो आणि स्वॉप प्रोफाइलवर रूपांतर होताना त्याचे सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असे आकडे होतात. अशा मजकुरावर चार प्लेटा (प्रत्येक शाईची एक) एकमेकांवर तंतोतंत बसल्या नाहीत की अक्षराच्या कडेला रंगीत सावली पडते. तिसरा म्हणजे रजिस्ट्रेशन रंग. तो चारही प्लेटांवर १०० टक्के असतो आणि केवळ कटिंग मार्कसाठी असतो. चुकून मजकुराला लागला तर शाईची बेरीज ४०० होते.

प्लेटा जुळवण्याचा हा प्रश्न नवा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यात देवदेवतांची चित्रे शिळाछापाने निघत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि तोच कागद त्या सगळ्या दगडांवरून जाताना रेषेवर रेष बसवावी लागे. आज दगडांच्या जागी चार प्लेटा आल्या आहेत, पण कागद ओल्या हवेत फुगतो, यंत्रात ताणला जातो आणि रंग सरकतो. डिझायनरने सरकण्याची शक्यता धरूनच फाइल करावी.

मोठ्या काळ्या पट्ट्यासाठी एकटा काळा पुरेसा गडद दिसत नाही. तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १०० असा भरीव काळा घ्यावा; त्याची बेरीज २४० होते आणि ती आर्ट पेपरला झेपते. याच्या उलट, लहान काळी अक्षरे रंगीत पार्श्वभूमीवर असतील तर त्यांना उजव्या क्लिकमधील ओव्हरप्रिंट फिल द्यावे, म्हणजे अक्षराखालचा रंग कापला जात नाही आणि प्लेट सरकली तरी पांढरी रेघ दिसत नाही. ओव्हरप्रिंटचे दोन धोके लक्षात ठेवावेत. पांढऱ्या वस्तूला ते लागले तर ती वस्तू छपाईत नाहीशी होते. फोटोवर ठेवलेल्या मोठ्या काळ्या चौकटीला लागले तर खालचा फोटो काळ्यातून डोकावतो. व्ह्यू मेनूतील सिम्युलेट ओव्हरप्रिंट्स चालू केले की हे दोन्ही दोष छापण्यापूर्वीच दिसतात.

देवनागरी अक्षरांची काळजी

देवनागरीत शिरोरेषा सलग असते आणि जोडाक्षरांत बारीक पोकळ्या असतात. गडद फोरकलर पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे काढली की चारही शाया त्या पोकळ्यांत शिरतात आणि क्ष, द्ध, ष्ट यांसारखी अक्षरे बुजतात. अशा जागी टंक जाड वजनाचा आणि निदान ९ पॉइंटचा घ्यावा. मॅपलिथोवर त्याहून मोठा. पार्श्वभूमी एक-दोन शायांचीच ठेवता आली तर अक्षर आणखी सुरक्षित राहते. रेषेला हेअरलाइन ही जाडी कधीही देऊ नये, कारण ती पडद्यावर आणि साध्या प्रिंटरवर दिसते आणि प्लेटवर जवळपास अदृश्य होते. काळी रेष पाव पॉइंटपेक्षा आणि पांढरी रेष अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक नसावी.

जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या टंकांत बसवलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून छापखान्याला देण्याची प्रत कंट्रोल-क्यू देऊन कर्व्ह करावी आणि दुरुस्तीसाठी मूळ प्रत वेगळ्या नावाने जपावी. कर्व्ह केल्यानंतर मजकूर पुन्हा पूर्ण वाचावा. रफार पुढच्या अक्षरावर सरकणे, पहिली वेलांटी तुटणे, अनुस्वार गळणे, उकार खालच्या ओळीत घुसणे हे दोष नेमके याच टप्प्यावर येतात, आणि पत्रिकेवर वधूवरांच्या नावात असा दोष राहिला तर सगळे काम पुन्हा छापावे लागते.

सावल्या, पारदर्शकता आणि रंगछटा

सावलीभोवती फिकट चौकोन दिसत असेल तर सावली, तिच्याखालची पार्श्वभूमी आणि फोटो यांचे रंगप्रकार वेगवेगळे आहेत असे समजावे. सर्व आरजीबी वस्तू सीएमवायकेत आणाव्यात. एडिट मेनूतील फाइंड अँड रिप्लेसमध्ये एका रंगप्रकारातील रंग दुसऱ्यात बदलण्याची सोय आहे, तिने हे एकत्र होते. तरीही चौकोन राहिला तर पार्श्वभूमी आणि सावली दोन्ही निवडून कन्व्हर्ट टू बिटमॅपने ३०० डीपीआय, सीएमवायके असे एकच चित्र करावे, पण अक्षरे त्यात घेऊ नयेत.

लाल ते काळा अशी छटा मधोमध मळकट दिसते, कारण तिथे लाल विरत जातो आणि काळा अजून भरलेला नसतो. काळ्या टोकालाही मॅजेंटा आणि पिवळा १०० कायम ठेवून काळा १०० वाढवला की छटा समृद्ध येते. बेरीज ३०० होत असल्याने मॅपलिथोवर मात्र हे टाळावे. लांब पानावर जवळजवळच्या दोन रंगांची छटा दिली तर पट्टे पडतात. रंगांतील अंतर वाढवावे किंवा ती छटा फोटोशॉपमध्ये थोडा नॉइज मिसळून चित्र म्हणून आणावी.

पीडीएफ काढणे आणि ती तपासणे

फाइल मेनूतील पब्लिश टू पीडीएफमध्ये छपाईसाठी पीडीएफ/एक्स-१ए हा संच निवडावा. त्यात फक्त सीएमवायके आणि स्पॉट रंग (वेगळ्या तयार शाईचे) राहतात, टंक आत बांधले जातात आणि पारदर्शकता सपाट केली जाते, त्यामुळे जुन्या यंत्रणेवरही फाइल बिघडत नाही. डॉक्युमेंट डिस्ट्रिब्यूशन हा संच नमुना मेलवर पाठवण्यापुरता आहे. त्याने फोटो दाबले जातात, आणि तीच पीडीएफ चुकून छापखान्यात गेली की फोटो फुटतात. सेटिंगमध्ये कलरच्या भागात रंग सीएमवायके म्हणून जात आहेत ना, ऑब्जेक्ट्सच्या भागात चित्रांचे रिझोल्यूशन कमी होत नाही ना, आणि प्रीप्रेसच्या भागात ब्लीड ३ मिलिमीटर व कटिंग मार्क चालू आहेत ना, हे पाहावे. प्रीफ्लाइटच्या (छपाईपूर्व तपासणीच्या) टॅबवरील इशारे वाचल्याशिवाय बंद करू नयेत. फाइल मेनूतील डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये चित्रांचे, भरलेल्या रंगांचे आणि टंकांचे एकत्र विवरण मिळते. तिथे आरजीबी शब्द दिसला तर मागे फिरावे.

ॲक्रोबॅट प्रो हाताशी असेल तर आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक प्लेट बंद-चालू करून पाहावी. सायन, मॅजेंटा आणि पिवळा बंद केल्यावर सगळा काळा मजकूर जसाच्या तसा दिसला आणि काळा बंद केल्यावर तो पूर्ण नाहीसा झाला, तर मजकूर एकाच प्लेटवर आहे याची खात्री होते. ज्यांच्याकडे महागडी साधने नाहीत त्यांनी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. त्यात सीएमवायके आणि पीडीएफ/एक्स दोन्ही आहेत. इंकस्केप चित्र काढायला उत्तम आहे, पण त्याची घडण आरजीबीवर आधारलेली असल्याने फोरकलर छपाईची अंतिम फाइल त्यातून थेट देऊ नये.

घरच्या प्रिंटरवर आणि फ्लेक्सवर

आपल्या इंकजेट प्रिंटरवर आडव्या पांढऱ्या रेघा येत असतील तर फाइल निर्दोष आहे. नोझल चेक छापावा आणि रेषा तुटलेल्या असतील तर हेड क्लीनिंग करावे, पण लागोपाठ अनेक वेळा करू नये, कारण त्यात शाई भरपूर जाते. छपाई एकंदर गडद व लालसर येत असेल तर रंगांचे रूपांतर दोनदा होत असण्याची शक्यता असते. प्रिंटच्या खिडकीतील कलर टॅबमध्ये रूपांतर कोरलड्रॉने करायचे ठरवले असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये रंगसुधारणा बंद ठेवावी, किंवा याच्या उलट करावे. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडला नाही तरी शाईचे प्रमाण बिघडते. ऑफसेटचा रंग मंजूर करण्यासाठी मात्र या प्रिंटरचा नमुना वापरू नये. त्याच्यावर मजकूर आणि मांडणी तपासावी.

फ्लेक्स दुरून पाहिला जातो, म्हणून प्रत्यक्ष मापाला ७२ ते १०० डीपीआय पुरतात. १० फूट रुंदीला ७२ डीपीआयने ८६४० पिक्सेल होतात आणि त्याहून जड फाइल यंत्राला नुसती अडवते.

यंत्रावर पहिले कागद निघताना

शक्य असेल तर छपाई सुरू होताना छापखान्यात स्वतः उभे राहावे. सुरुवातीच्या कागदांवर रंग स्थिर नसतो, त्यामुळे यंत्रचालक सांगेल तेव्हाच नमुना हाती घ्यावा. आधी भिंगाने कटिंग मार्क पाहावेत : चारही रंगांच्या रेषा एकावर एक आहेत की सरकल्या आहेत. मग बारीक अक्षरे, मग चेहरे, आणि शेवटी ठोक रंग आपल्या पट्टीशी ताडून पाहावेत. यंत्रचालकाला सांगताना मोघम बोलू नये. चेहऱ्यावर मॅजेंटा थोडा उतरवा, असे शाईचे नाव घेऊन सांगितले की त्याला लगेच काम करता येते. एक शाई बदलली की तिचा परिणाम त्याच पट्ट्यातील शेजारच्या सगळ्या चित्रांवर होतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर पूर्ण कागद पुन्हा पाहावा. पसंत पडलेल्या कागदावर दोघांनी सही करावी, आणि त्याच्या मागे फाइलचे नाव, प्रोफाइल, कागदाचे वजन व तारीख लिहून तो जपून ठेवावा. सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा छापायला आले की त्याच कागदाशी नवा नमुना ताडून पाहता येतो.